घंटेचा मानकरी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



लातूरच्या गंजगोलाईत आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असाल. तिथं १६ रस्ते येऊन मिळतात. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी त्या गोलाईत उभं राहून बघा. रिक्षांचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, कुठल्याशा दुकानातलं मोठ्यानं लावलेलं गाणं, तळणीचा वास, कापडाच्या दुकानांतले झगझगीत दिवे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के. एवढ्या गर्दीतही शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "चल, पलीकडं बांगड्या बघू," तर ते आपल्याला नेमकं ऐकू येतं. बाकीचा गलबला आपला मेंदू आपोआप मागं सारतो. त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही.

आता अशी कल्पना करा, की हे मागं सारणं जमतच नाही. सगळ्या रस्त्यांचा आवाज एकाच जोरानं कानावर आदळतो आहे. मैत्रिणीचं बोलणं कुठलं आणि हॉर्न कुठला, हे निवडता येत नाही. अशा वेळी आपण काय करू? कान झाकून घेऊ, डोळे मिटू, खाली बसून अंग पुढंमागं हलवू, नाहीतर वाट दिसेल तिकडं पळत सुटू.

ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना ४० मुलांचा वर्ग असाच वाटतो. मराठीत ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द रूढ झाला आहे, पण त्यावरून असं वाटतं, की हे मूल आपल्याच नादात सुखानं रमलेलं आहे. मी जी मुलं पाहिली, त्यांतली बरीचशी रमलेली नव्हती. ती गांगरलेली होती.

मी विशेष शिक्षिका आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळांमधून बरीच वर्षं फिरते आहे. या मुलांचा शाळेतला दिवस कसा जातो आणि तो बरा कसा जाईल, याबद्दल आज मी आपल्याशी बोलणार आहे.

आधी ओळख करून घेऊ. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ऑटिझमची वेगळी ओळख सुरू झाली. हा काही संसर्गानं होणारा आजार नाही. मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या वाटेनं होते. मूल दीड-दोन वर्षांचं झालं, तरी नावानं हाक मारल्यावर वळून बघत नाही. चांदोबा दिसला, तर बोट करून आईला दाखवत नाही. शब्द उशिरा येतात किंवा आलेले जातात. मोटारगाडी चालवण्याऐवजी तिचं एकच चाक तासन् तास फिरवत बसतं. साधारण शंभर मुलांत एक, असं याचं प्रमाण सांगितलं जातं. काही मुलं अजिबात बोलत नाहीत, तर काही रेल्वेचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतात. दोन मुलं सारखी नसतात.

आईनं माया कमी केली, म्हणून हे होत नाही. लसीमुळंही होत नाही. १९९८ साली लसीवर संशय घेणारा जो लेख आला होता, तो त्याच वैद्यकीय नियतकालिकानं २०१० साली मागं घेतला. बरेच पालक मला म्हणतात, "आमचं 'तारे जमीन पर'मधल्या पोरासारखं आहे." २००७ सालच्या त्या चित्रपटातल्या मुलाला वाचन-लेखनाची अडचण होती. ती वेगळी, ही वेगळी.

आपल्याकडं घरच्यांना पहिली शंका येते ती कानाची. एक आजी मला म्हणाली होती, "बहिरं म्हणावं तर बिस्किटाचा पुडा फोडलेला पलीकडच्या खोलीतून ऐकायलंय. अन् मी म्होरं बसून हाक मारली तर बघंना गेलंय." डॉक्टरांच्या पुस्तकात सापडणार नाही, इतकं अचूक वर्णन होतं ते. मग कानाचे डॉक्टर होतात, उतारे होतात, नवस होतात. नांदेडची माणसं रात्रीच्या गाडीनं सिकंदराबाद गाठतात. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था तिथं १९८४ सालापासून आहे आणि ऑटिझम मोजण्याची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टीही तिथंच तयार झाली. लातूरची माणसं सोलापूर, पुणे नाहीतर हैदराबाद गाठतात. या फिरण्यात दोन-तीन वर्षं निघून जातात आणि मूल सहा वर्षांचं होतं. मग शाळेचा प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

आपला हा भाग शाळांसाठी नावाजलेला आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. नांदेडला आणि लातूरला गावोगावची मुलं डॉक्टर, इंजिनिअर व्हायला येऊन राहतात. मला त्याचा अभिमानच आहे. पण जिथं सगळं घर टक्क्यांवर बोलतं, तिथं न बोलणाऱ्या मुलाच्या आईला फार एकटं वाटतं. तिला कोणी विचारलं, "तुमचा कितवीला?" तर ती विषय बदलते.

अशाच एका मुलाची गोष्ट सांगते. त्याचं नाव आणि गाव सांगत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा. शाळेची घंटा म्हणजे निंबाच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ठोकला, की आवाज शिवारात जायचा. हा मुलगा पहिलीत आला आणि प्रत्येक घंटेला कान झाकून वर्गाबाहेर पळू लागला. बाहेर रस्ता आणि रस्त्यापलीकडं विहीर. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, याला घरी ठेवलेलं बरं. काही झालं तर जबाबदारी कोणाची?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना त्या विहिरीची भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

पण कायदा काय म्हणतो, तेही सांगितलं पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. २०१२ च्या दुरुस्तीनं ही मुलंही त्यात स्पष्टपणे आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांतला एक आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तेव्हा शाळेनं 'आमच्याकडं जमणार नाही' म्हणणं कायद्यात बसत नाही. ते मुख्याध्यापक ऐकून घेणारे होते. म्हणाले, "मग जमवायचं कसं, ते तुम्ही दाखवा."

मी दाखवायला निघाले आणि पहिल्याच वर्षी चुकले. ही चूक माझी स्वतःची आहे. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. वर्गात तालीम चालायची, तेव्हा हा कोपऱ्यात उभा राहून समूहनृत्यातल्या हातवाऱ्यांची बरोबर नक्कल करायचा. मला हुरूप आला. गावाला दिसू दे, म्हणून मी त्याला मंचावर उभं केलं. संध्याकाळची वेळ, समोर सगळं गाव, दोन्ही बाजूंना मोठे कर्णे. गाणं सुरू झालं मात्र, त्यानं स्वतःचं मनगट कडकडून चावलं आणि तो किंचाळत खाली बसला. पुढच्या रांगेतली पोरं हसली. त्याची आई मंचावर आली, लेकराला उचललं आणि निघून गेली. नंतर महिनाभर तो शाळेत आला नाही.

मी घरी गेले. माफी मागितली. आईनं चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "बाई, तुम्हाला त्याला नाचवायचं होतं, का दाखवायचं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही कुठल्या कार्यक्रमात अशा मुलांना टाळ्यांसाठी पुढं आणलेलं दिसलं, की मला तो प्रश्न आठवतो.

तो परत आल्यावर मी ठरवलं, की आठवडाभर काही शिकवायचं नाही, फक्त बघायचं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तो घंटा वाजल्यावर कान झाकत नव्हता, त्याच्या बऱ्याच आधी झाकत होता. कोणी निंबाच्या झाडाकडं चालू लागलं, की याचे हात कानावर जायचे. म्हणजे आवाजाइतकाच त्याला 'आता कधी वाजेल' या वाट बघण्याचा त्रास होता. आपणसुद्धा फटाका दुसऱ्यानं लावला तर दचकतो आणि स्वतः लावला तर दचकत नाही. मग हातोडी त्याच्याच हातात दिली तर?

सुरुवातीला रुळाला गोणपाट गुंडाळलं आणि हातोडीऐवजी लाकडी दांडकं घेतलं. सुट्टीच्या दिवशी, शाळेत कोणी नसताना, तो आणि त्याची आई आणि मी. एक ठोका, मग थांबायचं. पुढं गोणपाट काढलं, मग हातोडी आली. तीन-चार आठवडे लागले. नंतर गुरुजींनी त्याला घड्याळातला मोठा काटा दाखवला. दिवाळीनंतर शाळेची घंटा तो वाजवू लागला. पळून जाणं हळूहळू थांबलं. विहीर जिथं होती तिथंच होती, पण आता घंटेच्या वेळी तो झाडाखाली हजर असायचा. पोरं त्याला घंटेचा मानकरी म्हणू लागली. ज्या पोरांनी हसून घेतलं होतं, तीच म्हणायची, "सर, घंटेला त्यालाच जाऊ द्या."

एक दिवस आभाळ भरून आलं, म्हणून गुरुजींनी शाळा लवकर सोडायची ठरवली. यानं हातोडी घेतली, घड्याळाकडं बघितलं आणि वाजवायला नकार दिला. वेळ झालीच नव्हती! त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ढगही खरे होते. त्या दिवसापासून आम्ही त्याच्यासाठी 'बदल' नावाचं एक पिवळं कार्ड केलं. ठरल्यापेक्षा वेगळं काही होणार असलं, की ते कार्ड आधी दाखवायचं आणि काय बदललं, त्याचं चित्र त्याच्यापुढं ठेवायचं. यानं रडणं पूर्ण थांबलं नाही, पण बरंच कमी झालं.

श्रोतेहो, या मुलांना दिवसाचा क्रम ठरलेला लागतो. आणि आपल्या शाळेत तो असतोच. परिपाठ, हजेरी, तास, खिचडी, खेळ, शेवटी राष्ट्रगीत. म्हणजे अर्धं काम आयतंच झालेलं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे तो क्रम त्या मुलाला दिसेल असा करणं. त्याला फार खर्च लागत नाही. जुन्या पुठ्ठ्याची पट्टी घ्या. तिच्यावर दिवसाची चित्रं ओळीनं लावा. एक काम संपलं, की ते चित्र काढून पाकिटात टाका. तोंडानं सांगितलेलं विरून जातं, चित्र समोर राहतं. पाणी, शी-शू, 'नको', 'दुखतंय' अशीही कार्डं करा. पालक विचारतात, "चित्रं दिल्यावर लेकरू बोलायचंच विसरंल का?" तसं होत नाही. आपलं म्हणणं समोरच्याला कळतं, हे ध्यानात आलं, की उलट बोलायला मदतच होते.

परिपाठाला त्याला रांगेच्या टोकाला उभं करा, म्हणजे दोन्हीकडून धक्के लागणार नाहीत. वर्गात खिडकी आणि दारापासून लांब, भिंतीकडेची जागा द्या. वर्गातलाच एखादा शांत जोडीदार नेमा, पण त्याच्यावर ओझं टाकू नका, आठवड्यानं बदला. खिचडीचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी येतो. काही मुलांना कालवलेलं, मऊ, मिसळलेलं अन्न तोंडात सोसत नाही. त्याला लाडावलेला म्हणू नका. स्वयंपाकाच्या मावशींनी थोडा भात आधीच बाजूला काढला, तर तो जेवतो. हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे.

खेळात कबड्डीसारखा अंगाला अंग भिडणारा खेळ जमला नाही, तर दोरीवरच्या उड्या, चेंडू टोपलीत टाकणं, झोका, पळणं हे घ्या. कार्यानुभवाच्या तासाला पणत्या रंगवणं, राख्या ओवणं, कागदी पिशव्या करणं यात काही मुलं इतकी नेटकी असतात, की आपण थक्क होतो. सहलीला जायचं असेल, तर त्या जागेचे फोटो आठवडाभर आधी दाखवा. माळेगावची यात्रा असो, की नांदेडचा होला मोहल्ला, पालकांनी भर गर्दीत न जाता सकाळी लवकर, थोडा वेळ जाऊन यावं. आणि स्नेहसंमेलनात या मुलाला पडदा ओढायचं काम देता येतं, पाहुण्यांना फूल देण्याचं देता येतं, किंवा त्याची चित्रं प्रदर्शनात लावता येतात. मंचावर जायचं का नाही, ते त्याला ठरवू द्या.

काही मुलांना साध्या शाळेपेक्षा विशेष शाळा किंवा केंद्राची जास्त गरज असते, हेही मान्य केलं पाहिजे. लातूरजवळ हरंगुळला 'संवेदना' हे मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठीचं केंद्र आहे. लातूर शहरात 'उमंग' ही ऑटिझम आणि बहुविकलांगतेवर काम करणारी संस्था आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांना तपासतात. ते पथक गावात येईल त्या दिवशी लपवून न ठेवता लेकराला घेऊन जा. दाखला काढा, दिव्यांगांचं ओळखपत्र काढा. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. दहावी-बारावीला लेखनिक आणि जास्तीचा वेळ मिळतो.

पण एक दुखणं स्पष्ट बोललं पाहिजे. माणसं कमी आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागं आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागं एक विशेष शिक्षक असावा. माझ्यासारख्या फिरत्या शिक्षिकेच्या वाट्याला अनेक शाळा येतात. एका शाळेत मी गेले, की पुन्हा तिथं यायला कधी पंधरा दिवस लागतात. मधल्या दिवसांत मुलाला सांभाळतात ते वर्गशिक्षकच. म्हणून ही सगळी भाषा त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. चित्रांची पट्टी करायला विशेष पदवी लागत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हे फार जाणवलं. आमच्या या मानकऱ्याच्या घरी तो रोज साडेनऊला दप्तर घेऊन दारात उभा राहायचा. शाळा का नाही, हे त्याला कसं सांगावं, ते आईला कळेना. शेवटी वडिलांनी गोठ्याच्या आढ्याला एक जुनी पितळी थाळी टांगली. दुधाच्या वेळी, जेवणाच्या वेळी, गुरं बांधायच्या वेळी तो थाळी वाजवायचा. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. आपल्या लेकराला काय लागतं, ते त्यांना कळलं होतं.

तो आता सतरा वर्षांचा आहे. बोलतो ते दहा-बारा शब्द. बेरीज येते, वजाबाकी येत नाही. त्याला हिशेबानं किती टक्के मिळाले असते, मला ठाऊक नाही. गावाजवळच्या रोपवाटिकेत तो सकाळचे दोन तास पिशव्यांत माती भरायला जातो, आणि रांगेत एक पिशवीसुद्धा वाकडी चालत नाही. पण पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. कायद्यानं दिलेला शाळेचा हक्क तिथं संपतो. अठरानंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिथं अर्ज करायचा असतो. ते कागद आम्ही करतो आहोत. कागदांनी त्याचा दिवस मात्र भरणार नाही. प्रौढ मुलांसाठी कामाच्या जागा तालुक्याच्या गावी तरी हव्यात. रोपवाटिका आहेत, छापखाने आहेत, पापड-मसाल्याचे गृहउद्योग आहेत. त्यांतल्या एखाद्या मालकानं दोन तासांचं ठरावीक काम एका मुलाला दिलं, तरी एका घराचा दिवस उभा राहतो.

आपल्या गल्लीत, भावकीत असं एखादं लेकरू असेल. त्याच्या आईला 'कितवीला?' असं विचारण्याआधी 'त्याला काय आवडतं?' असं विचारा. ती विषय बदलणार नाही. खूप बोलेल, आणि आपल्याला ऐकायला वेळ काढावा लागेल. तेवढा वेळ आपण काढावा, एवढीच विनंती करून थांबते.